सतरा नंबरचं कुलूप

१ तारीख, सोमवार

चौकशीचा अहवाल आज हातात पडला. अकरा पानं. दुपारभर वाचत बसले. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन मी पुड्यांच्या कागदांवर आणि मग ग्रंथालयाच्या पुस्तकांवर शिकले, पण असली भाषा कुठल्याच पुस्तकात भेटली नव्हती. ‘सदर कर्मचारी’ म्हणजे आमचे हे. चार महिन्यांपूर्वीपर्यंत ह्यांना कारखान्यात सगळे मिस्त्री म्हणायचे.

सातव्या पानावर लिहिलंय: सदर कर्मचाऱ्याने आपले कुलूप क्रमांक १७ हे मिक्सर एकऐवजी मिक्सर दोनच्या स्विचला लावले व स्वतः मिक्सर एकमध्ये उतरला. अपघात स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

रंगाच्या कारखान्यातला मिक्सर म्हणजे माणूस आत उभा राहिला तर बाहेरून दिसणार नाही एवढा लोखंडी हौद, तळाशी पाती. दुरुस्तीला आत उतरायचं तर आधी भिंतीवरच्या स्विचचा दांडा खाली ओढायचा, त्याला आपलं लाल कुलूप लावायचं आणि किल्ली गळ्यात घालायची. प्रत्येक फिटरचं कुलूप वेगळं, त्यावर त्याचा नंबर. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. म्हणजे तो आत असेतोवर कुणाला मशीन सुरू करता येत नाही. सव्वीस वर्षं ह्यांनी हेच केलं. असा माणूस चुकीच्या स्विचला कुलूप लावेल?

मान्य असेल तर सही करायची. नसेल तर सव्वीस तारखेपर्यंत लेखी हरकत. ‘माझा विश्वास बसत नाही’ ही हरकत होत नाही, एवढं मलाही कळतं.

२ तारीख, मंगळवार

सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेले. म्हटलं, कॅमेऱ्यात काय आहे ते मला बघायचंय.

“बाई, त्रास होईल तुम्हाला.”

“तो झालाय.”

ते म्हणाले, कॅमेरा फक्त स्विचच्या भिंतीवर आहे, मिक्सर त्यात येत नाहीत. नियमाने घरच्यांना प्रत मिळते, पण आजवर कुणी मागितली नव्हती. एक पेनड्राइव्ह दिला. घरीच बघायचं, दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर लावायचं नाही, असं लिहून घेतलं. सकाळी नऊ ते बारा, तीन तासांची एकच फाइल.

घरी ह्यांचा लॅपटॉप आहे. कुणीतरी भंगारात काढलेला, ह्यांनी आणून त्यात लिनक्स ही सिस्टिम टाकली. “फुकट आहे आणि सारखं काही मागत नाही,” म्हणायचे. मी त्यावर वाचते, एकटी असले की पत्ते खेळते. फाइल उघडली. काळी खिडकी आली. खालचं घड्याळ पुढे सरकतंय, चित्र नाही. वाटलं, मध्येच येईल. अर्धा तास त्या काळ्याकडे बघत बसले.

४ तारीख, गुरुवार

लंबूभाऊजी आले होते. ह्यांचे जोडीदार, बावीस वर्षं एका पाळीत. कारखान्यात सगळे लंबूच म्हणतात. आमच्या दारातून अजूनही वाकून येतात. हे गेल्यापासून आठवड्यातून दोनदा चक्कर असते. गळका नळ बदलला, सिलिंडर चढवून दिला, माळ्यावरचं सामान उतरवलं. पाणी घेतात, चहा घेत नाहीत. बसा म्हटलं तरी उभेच.

मी लॅपटॉप दाखवला. काळी खिडकी बघून म्हणाले, “बरं झालं.”

“काय बरं झालं?”

“नाही, म्हणजे... दिसत नाही तेच बरं, वहिनी. काय बघायचंय त्यात? उगाच डोक्याला ताप.”

मायेचा माणूस आहे. सख्खे दीर असते तरी एवढं केलं नसतं.

५ तारीख, शुक्रवार

ग्रंथालयातल्या बाईंना विचारलं. तिथल्या कॉम्प्युटरांवरही लिनक्सच आहे, हे मला माहीत नव्हतं. “मग आपलं दुखणं एकच,” बाई म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. व्हिडिओ फार जागा खातो, म्हणून तो गाठोडं आवळावं तसा आवळून ठेवतात. गाठी मारायची रीत ज्या-त्या कॅमेऱ्याची वेगळी. ह्या कॅमेऱ्याच्या गाठी सोडणारा प्रोग्राम लिनक्सबरोबर येत नाही, कारण त्याचे हक्क दुसऱ्यांकडे आहेत. तो आपला आपण मागवून बसवायचा. पुस्तकाच्या चिठ्ठीच्या पाठीवर दोन ओळी लिहून दिल्या. “जशाच्या तशा टाइप करा. मोकळी जागा सोडलीय तिथे सोडा, नाही तिथे नाही.”

६ तारीख, शनिवार

ओळ टाइप केली. पासवर्ड मागितला. तो मला ठाऊक आहे, आमचा गॅसचा ग्राहक क्रमांक. पण टाइप करू लागले तर अक्षर उमटेना. एक नाही, ठिपका नाही, काही नाही. वाटलं, कीबोर्ड गेला. पुसून काढला, उलटा करून झटकला. शेवटी बाईंना फोन लावला. त्या हसायला लागल्या. “ताई, तिथे दिसत नाहीच. न दिसता टाइप करायचं आणि एंटर मारायचं.”

विश्वासावर चालणारं काम आहे म्हणायचं. तिसऱ्या वेळी जमलं.

८ तारीख, सोमवार

चित्र आलं, पण कसलं. हिरवं, फाटलेलं, चौकटी-चौकटींचं. मध्येच थिजतं. अपघाताच्या वेळेवर उडी मारायला गेले तर सगळं करडं झालं आणि त्या करड्यात कुणाचा तरी खांदा तेवढा हलला. बंद केलं. आज दुसरं काही झालं नाही.

९ तारीख, मंगळवार

लेकीचा फोन.

“आई, सही कर आणि मोकळी हो.”

“कशातून?”

“सगळ्यातूनच. बाबा चुकले असतील. माणूस चुकतो.”

“गॅस बंद केलाय का बघायला अर्ध्या रस्त्यातून परत यायचे तुझे बाबा.”

“बरं बाई, तू म्हणशील ते. तो डबा तरी टाकून दे. मी नवा लॅपटॉप पाठवते.”

“नवा येऊन मी शिकेपर्यंत सव्वीस तारीख जाईल.”

फोन ठेवल्यावर तेच मनात घोळलं. खरंच चुकले असतील तर? हे मी कुणाला बोललेले नाही, इथेच लिहिते. त्या सकाळी मी त्यांना बोलले होते. नळ महिनाभर गळत होता आणि हे शेजाऱ्याची मोटर दुरुस्त करून हात पुसत आले. म्हटलं, “जगाची कामं करा. घर बुडालं तरी चालेल.” डबा घेतला आणि न बोलता गेले. रोज दारात ‘येतो’ म्हणायचे, तेवढंसुद्धा म्हणाले नाहीत. डोकं ठिकाणावर नसेल आणि हात भलत्याच स्विचकडे गेला असेल, तर तो हात मीच ढकलला.

म्हणून मला बघायचंय. अहवाल खोटा ठरवायला नाही. म्हणजे त्यासाठीही, पण आधी ह्यासाठी.

११ तारीख, गुरुवार

बाईंनी नवा उपाय सांगितला. चित्र उलगडायला लॅपटॉप ग्राफिक्सच्या चिपची मदत घेतो, आणि जुन्या चिपला ही नवी रीत धड येत नाही. मदत घेऊ नको असं प्लेअरच्या सेटिंगमध्ये सांगायचं. मग सगळा भार एकट्या प्रोसेसरवर येतो, तो तापतो, पण चित्र शुद्ध येतं.

आणि उडी का मारता येत नाही तेही सांगितलं. असा कॅमेरा पूर्ण चित्र क्वचित साठवतो. मधल्या वेळात फक्त काय हललं तेवढंच लिहून ठेवतो. मध्येच शिरलं तर मागचं काहीच माहीत नसतं. नव्या मशीनवर निभतं, आमच्यावर नाही. “सुरुवातीपासून बसायचं, ताई. दुसरा इलाज नाही.”

मला काय, बसायचंच आहे.

१२ तारीख, शुक्रवार

सकाळची कामं आटपून दहाला लावलं. स्वच्छ चित्र. राखाडी भिंत, दोन स्विच, दांड्यांवर मोठे आकडे, एक आणि दोन. भिंतीपुढून एक जाड पाइप आडवा जातो. वर कोपऱ्यात वेळ.

नऊ वाजून चार मिनिटांनी हे डावीकडून आले.

कॅमेरा उंचावर, तोंड दिसत नाही. टोपी, खांदे, चालणं. मधेच उभे राहिले आणि पान्याने पाठ खाजवली. घरी लाटणं घ्यायचे. मला हसू फुटलं आणि मग थोडा वेळ पडद्यावरचं काही दिसेना. थांबवलं, डोळे धुतले, परत लावलं.

नऊ चौदा. दांडा खाली ओढला. कुलूप लावलं. ओढून बघितलं, एकदा, दोनदा, तीनदा. मी पडद्याला नाक लावून आकडा वाचला. एक. मिक्सर एकच्या स्विचला. बरोबर स्विचला.

मी घरात मोठ्याने म्हटलं, “बरोबर लावलं हो!” ऐकायला कुणी नव्हतं.

दहा वाजून पाच मिनिटांचं चित्र आलं आणि लॅपटॉप बंद पडला. हात लावला तर पापड भाजावा इतका तापलेला. पण जे हवं होतं ते दिसलं होतं. लगेच लंबूभाऊजींना फोन केला. म्हटलं, “ह्यांनी बरोबर लावलं होतं! नंतर कुणीतरी हलवलंय. कोण असेल हो?”

“येतो मी उद्या,” एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

१३ तारीख, शनिवार

भाऊजी सकाळीच आले. रात्रभर झोपलेले नाहीत असं तोंड. मी सगळं सांगितलं, नऊ चौदा, तीनदा ओढून बघितलं ते. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते.

“पुढचं बघितलंत?”

“बंद पडतो. तापतो.”

“मग द्या माझ्याकडे. ओळखीचं दुकान आहे, तो आतून साफ करून देईल. पेनड्राइव्ह पण द्या, त्याला लावून तपासायला लागेल.”

दुसरीकडे लावायचं नाही असं लिहून दिलंय, म्हणून मन खात होतं. पण भाऊजींना नाही कसं म्हणू? दिलं. पायऱ्या उतरताना त्यांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

१८ तारीख, गुरुवार

पाच दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. वाचायला घेतलं तर एकच पान तीनदा वाचत होते.

आज भाऊजींनी लॅपटॉप आणून दिला. “होत नाही म्हणाला दुकानदार.” पाणीही न घेता गेले.

साफ कसला केलाय? फटीतली धूळ तशीच आहे. खालच्या स्क्रूवर ह्यांनी चिकटवलेली पट्टी तशीच आहे, उचकटलेलीसुद्धा नाही. फसवलं त्या दुकानदाराने भाऊजींना. फाइल मात्र जागेवर आहे, पेनड्राइव्हही.

मीच डोकं चालवलं. दोन वाट्या उपड्या ठेवून त्यावर लॅपटॉप ठेवला, म्हणजे खालून वारा लागतो. वीस मिनिटं चालवायचं, थांबवायचं, गार होऊ द्यायचं, पुढे चालवायचं. उद्या बघते.

१९ तारीख, शुक्रवार

बारापर्यंतचं सगळं बघितलं.

२० तारीख, शनिवार

काल लिहवलं नाही.

दहा वाजून बारा मिनिटं. हे परत आले, मागून आणखी एक फिटर. त्याचंही तोंड दिसत नाही. पण पाइपखालून सगळे सरळ जातात, हा वाकून गेला. मला तोंड बघायची गरज नव्हती.

त्याने दोन्ही खिसे चाचपले. हात पालथे करून दाखवले. ह्यांनी मान हलवली, गळ्यातली किल्ली काढली, एकच्या दांड्याचं कुलूप उघडलं आणि दोनचा दांडा खाली ओढून त्याला लावलं. त्याच्या पाठीवर थाप मारली. मग खिशातून रुमाल काढून एकच्या दांड्याला बांधला, गाठ मारून, लक्षात यावं म्हणून. आणि डावीकडे गेले. ती गाठ मारायला चार सेकंद लागले, मी मोजले. नंतर ते पडद्यावर आलेच नाहीत.

अकरा अडतीस. मशीनवाला आला. त्याला काय माहीत? रुमाल सोडला, त्याने हात पुसले, दांडा वर केला. अहवालात त्या रुमालाला ‘पुसायचे फडके’ म्हटलंय. साहेबांनी तेवढाच भाग बघितला असणार. त्यांच्या मशीनवर उडी मारता येते.

म्हणजे माझ्या बोलण्याने हात चुकला नाही. हलकं वाटायला हवं होतं. मला राग आलाय. इतका राग ह्यांच्यावर जिवंतपणी कधी आला नव्हता. सव्वीस वर्षं तीन-तीनदा ओढून बघणारा माणूस, दुसऱ्याला देताना एकदासुद्धा ओढून बघावंसं वाटलं नाही, आपण कुणाचे आहोत ते? मी बोलले होते ते खरंच होतं. खरं ठरायला नको होतं.

२२ तारीख, सोमवार

भाऊजींना बोलावलं. लॅपटॉप टेबलावर होता, बंद. म्हटलं, “दहा बारा.”

ते पहिल्यांदाच आमच्या घरात बसले. खुर्चीत नाही, उंबऱ्यावर.

“माझं कुलूप हरवलं होतं, वहिनी. तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा हरवलं की घरी बसवतात. दोनचं काम लगेच करा म्हणून वरून घाई. मिस्त्री म्हणाले, घे माझं, मला दहाच मिनिटं लागतील. त्यांना वेळ लागला जास्त. माझं काम झालं. किल्ली माझ्याकडे असती तर कुलूप काढून परत एकला लावलं असतं, पण ती त्यांच्या गळ्यात. म्हटलं, येतील वर. मी हात धुवायला गेलो.”

“आणि चौकशीत?”

“मी बाहेर होतो म्हणालो.”

“दुकानदार काय म्हणाला होता?”

“दुकानात नेलंच नाही. पाच दिवस कपाटावर होतं. रोज हातात घ्यायचो. पुसायला एक बटण लागतं, एवढं मलाही कळतं. झालं नाही.”

मायेचा माणूस असं मी ह्याच वहीत लिहिलंय. ते खोडावं का कळत नाही. खोडलेलं नाही.

म्हणाले, “दोन मुलं शिकतायत.”

“मला माहीत आहेत तुमची मुलं. मी शुक्रवारी जाणार. तुमचं नाव घेणार नाही. तोंड दिसत नाही, विचारलं तरी सांगणार नाही. पण नऊपासून लावायला लावणार.”

उठले. दारातून जाताना वाकायला विसरले. चौकटीचा आवाज आला. मी बघायला गेले नाही.

२६ तारीख, शुक्रवार

टेबलापलीकडे तिघे होते, सुरक्षा अधिकारी आणि आणखी दोन साहेब. हरकतीचा कागद दिला. एकच ओळ लिहिली होती: चित्रण सकाळी नऊपासून बघितलेले नाही.

“कितव्या मिनिटाला काय आहे ते सांगा, बाई, तेवढंच लावतो.”

“नाही सांगणार. नऊपासून लावा.”

“तासभर भिंत बघत बसायची?”

“मी बसले. तुमचं पुढे पळतं, म्हणूनच तुम्हाला दिसलं नाही.”

लावलं. त्यांच्या कॉम्प्युटरवर चित्र पाण्यासारखं चालतं. एक साहेब मोबाइल बघत होते. हे पाठ खाजवायला लागले तेव्हा दुसरे फस्कन हसले, मग माझ्याकडे बघून खोकले. नऊ चौदाला अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. मोबाइलवाल्यांनी मोबाइल ठेवला. खोलीत पंख्याचा आवाज, आणि पडद्यावर हे ये-जा करतायत, मध्येच पाना उचलतायत, ठेवतायत. कामावरचे हे मी एवढा वेळ कधी पाहिलेच नव्हते.

मागे दार उघडल्याचा आवाज आला. मी वळले नाही.

दहा बारा. “हा दुसरा कोण? तोंड दिसत नाही.” अधिकारी माझ्याकडे बघत होते. मी मांडीवरच्या पिशवीकडे बघत राहिले.

“मी आहे, साहेब,” मागून आवाज आला.

बाकीचं तासाभरात उरकलं. भाऊजींना गेटपास जमा करायला सांगितला. मला अधिकारी म्हणाले, “बाई, ‘चुकीच्या स्विचला’ हे काढतो. पण निष्काळजीपणा काढता येणार नाही. आपलं कुलूप दुसऱ्याला देणं हा नियमाने सगळ्यात मोठा दोष आहे. अजून हरकत घ्यायची असेल तर...”

“जे झालं ते लिहा,” मी म्हटलं.

सातवं पान नवं छापून आलं. मी उभ्यानेच दोनदा वाचलं. कुलूप प्रथम योग्य स्विचला लावले होते. सहकाऱ्याच्या सुरक्षेसाठी स्वतः काढून दिले. निष्काळजीपणा तसाच खाली, शेवटच्या ओळीत. सही केली. लेकीला फोन करून वाचून दाखवलं. ती रडली. मला वाटलं होतं, मीही रडेन.

गेटवर भाऊजी उभे होते. हातात कापडी पिशवी, त्यात बावीस वर्षांचे पाने. रस्ता एकच, म्हणून बरोबर निघालो. पिशवीतलं लोखंड पावलागणिक वाजत होतं.

चौकात ते थांबले. “राग आहे ना, वहिनी?”

“आहे.”

“माझ्यावर?”

“तुमच्यावर कमी,” मी म्हटलं, आणि घराकडे वळले.